जमलेल्या केकचं वजन

आमच्या वन्संना कुणी विचारलं, केकमध्ये मैदा किती घालता, की त्या सांगत, "तीन कप." विचारणारीनं घरी जाऊन तीन कप घालावेत, केकचा दगड व्हावा नाहीतर लगदा, आणि तिनं परत येऊन तक्रार करावी. मग वन्सं अगदी समाधानानं म्हणत, "हात लागतो हो त्याला!" आणि उजवा हात असा वर करून दाखवत, जणू काही तो प्रदर्शनात मांडायचा आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. वयानं माझ्याहून लहान, पण लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं की नणंदेला नावानं हाक मारायची नाही, वन्सं म्हणायचं. म्हटलं. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, सासूबाई केव्हाच गेल्या, तरी मी वन्सं म्हणते आणि त्या मला वहिनी म्हणतात. भांडणसुद्धा आम्ही अहो-जाहो करतच करतो, त्यामुळे त्याला जरा घरंदाज वळण लागतं. एकाच इमारतीत राहतो, मी वरच्या मजल्यावर, त्या तळमजल्यावर. मी घरात पाय आपटला तर त्यांना कळतं आणि त्यांनी ओव्हन उघडला तर मला.

त्यांचा केक म्हणजे साधा केक. वर काही नाही, आत काही नाही. मैदा, साखर, लोणी, अंडी, दूध. लांबट पत्र्याच्या साच्यातला, वरून बदामी आणि मध्ये एक सरळ चीर. वन्संचे यजमान कोर्टात टंकलेखक होते. ते डब्यात केकचे तुकडे न्यायचे, आणि कोर्टासमोरच्या चहाच्या दुकानात बसून खायचे. एकदा दुकानाच्या मालकानं एक तुकडा मागून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, रोज दोन केक पाठवा. तेव्हापासून दोनाचे चार झाले, चाराचे सहा. वकील, अशील, साक्षीदार, सगळे तिथं बसून वन्संचा केक चहात बुडवतात. चहावाले म्हणायचे, "बाई, तुमचा केक खाता खाता लोक आपली तारीख विसरतात, जरा कमी चांगला करा." हे वाक्य वन्संनी मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की ते मीच बोलले असावे असं मला वाटायला लागलंय.

नम्र वगैरे त्या अजिबात नाहीत. मी बऱ्याच लेखांत वाचते, अमुक बाई किती गुणी पण किती अबोल. आमच्या वन्सं गुणी आहेत आणि ते सांगत सुटतात. बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, जिन्यात. मिठाईच्या खोक्यांच्या दोऱ्या सोडवून, गुंडाळून ठेवतात. एवढ्या की त्यात एखादी बोट बांधून ठेवता येईल. कुणाकडे काही बरं-वाईट झालं की सगळ्यांच्या आधी हजर, आणि तिथं गेल्यावर दुःखात असलेल्या माणसालाच स्वतःच्या गुडघ्याची हकीकत सांगतात. गंमत म्हणजे त्या माणसाला बरं वाटतं.

यजमान गेले तेव्हा मुलगा कॉलेजात होता. लोक भेटायला येत होते, आणि या आत मैदा चाळत होत्या. डोळ्यांतून पाणी चाललंय आणि चाळणी चाललीय. मी म्हटलं, "अहो, पडेल त्यात." तर म्हणाल्या, "पडू दे. चिमूटभर मीठ घालायचंच असतं." त्या दिवशी मला ही बाई पहिल्यांदा खरी आवडली. त्याआधी, खरं सांगायचं तर, डोक्याला ताप वाटायची.

तर अशा बाईचे डोळे गेले.

पूर्ण नाही गेले. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, तो भरून यायचा नाही. म्हणजे काय होतं, तर कडेचं दिसतं आणि मधलं दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं. वन्सं आता माझ्याशी बोलताना माझ्या कानापलीकडे बघतात, कारण तसं केलं तरच मी त्यांना दिसते. "तुमचं तोंड गेलं, वहिनी," म्हणतात, "पण आवाज आहे तेवढाच आहे."

चालणं-फिरणं जमायचं. अडायचं ते मोजण्यापाशी. त्यांचं माप म्हणजे एक पांढरा बिनकानाचा कप. कान कधी तुटला कुणास ठाऊक. "त्याला कान नाही म्हणून तो फक्त माझं ऐकतो, लोकांचं नाही," असा त्यांचा जुना विनोद. आता पांढऱ्या कपात पांढरा मैदा, आणि बघायला जावं तर कपच गायब. बोटानं चाचपा म्हटलं, तर उसळल्या, "लोकांच्या तोंडी जाणाऱ्या वस्तूत बोटं बुडवू?" मग त्या अंदाजानं घालायच्या, आणि कमी पडलं असेल या धास्तीनं आणखी थोडं घालायच्या, आणि दुधाचंही तेच. एक दिवस केक असा की चहात बुडवला तर चहा घाबरावा. दुसऱ्या दिवशी मधोमध बसलेला. चहावाले सभ्य माणूस. पहिल्यांदा "जरा घट्ट झालाय" म्हणाले. मग एके दिवशी दोन केक परत आले. वन्संनी ते टेबलावर ठेवले आणि दिवसभर त्यांच्यावर फडकं घालून ठेवलं, जसं काही घरात कुणी गेलंय.

मुलाला कळलं. तो दुसऱ्या शहरात असतो, चांगला मुलगा आहे, बायकोही चांगली आहे, आणि हीच खरी अडचण होती. वाईट असते तर वन्संनी एका वाक्यात उडवून लावलं असतं. तो फोनवर म्हणाला, "आई, पुरे आता. ओव्हनशी खेळ नको. मी येतो न्यायला."

"मी जमवते."

"कसं जमवणार?"

"तो माझा प्रश्न आहे."

शेवटी बोली ठरली. तो रजा काढून येईल त्या दिवशी वन्संनी एकटीनं, कुणाचा हात न लागता, केक करायचा. तो दुकानात न्यायचा, आणि चहावाल्यांना आधी काही सांगायचं नाही. केक त्यांना नेहमीसारखा वाटला तर मुलगा पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही वाटला, तर वन्सं त्याच्याबरोबर जातील आणि भट्टी बंद. फोन ठेवून वन्सं माझ्या कानापलीकडे बघत म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही बी.एस्सी. आहात. काहीतरी करा."

मी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली बाई. वजन करणं हे माझं आयुष्यभराचं काम. मी म्हटलं, यात काय कठीण आहे? कपाला डोळे लागतात, काट्याला लागत नाहीत. हल्ली बोलके वजनकाटे मिळतात, बटण दाबलं की आकडा मोठ्यानं सांगणारे. कपाचे ग्रॅम केले की झालं. काटा मागवला. त्यातून स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करतात तशा आवाजाची एक बाई बोलायला लागली. वन्संनी तिचं तिथल्या तिथं बारसं केलं, "बया".

"कपाचे ग्रॅम किती?" त्यांनी विचारलं.

मी तक्ता शोधून ठेवला होता. "एक कप मैदा, एकशे पंचवीस ग्रॅम. तीन कपांचे तीनशे पंचाहत्तर. साखरेचा आकडा वेगळा, दुधाचा वेगळा."

"का वेगळा? कप तर तोच."

"कापसाचा डबा आणि खिळ्यांचा डबा सारखाच जड असतो का?"

"हे नीट सांगितलंत. पुढं बोला."

पाण्यानं भरून बघितला, तर त्यांचा बिनकानाचा कपही तक्त्यातल्या कपाएवढाच निघाला. मी खूश. सगळं तक्त्याप्रमाणे घेऊन केक केला, आणि तो ओव्हनमध्ये फुगला, आणि बाहेर काढल्यावर आमच्या डोळ्यांदेखत, म्हणजे माझ्या, मधोमध खाली गेला. खड्डा पडला नुसता.

वन्संनी सुरी फिरवून वास घेतला. "पातळ झालं होतं. मैदा कमी आहे. तुमच्या तक्त्यानं कधी केक खाल्लाय का?"

"बरं, तक्ता राहू दे. तुम्ही भरा तुमचा कप, मी वजन करते."

वन्संनी हात धुतले. धुतलेला अॅप्रन बांधला. मैदा चाळून घेतला, चमच्यानं हलके हलके कपात सोडला, शीग आली तशी सुरीची पाठ फिरवून सपाट केला, आणि कप माझ्यापुढे असा धरला जसा शाळेत बक्षीस समारंभात धरतात. बया म्हणाली, "एकशे चोवीस." पुन्हा भरला, एकशे सव्वीस. पुन्हा, एकशे पंचवीस.

"बघा!" मी म्हटलं. "तक्ता बरोबर आहे."

"मग केक का बसला?"

"ओव्हन बघा. अंडी बघा. दूध बघा."

"ओव्हनला काय झालंय? माझ्याहून धडधाकट आहे तो."

मी काट्यावर साखरेचं न फोडलेलं पाकीट ठेवून पाहिलं. काटा बरोबर. ओव्हनची उष्णता तपासली, बरोबर. तक्ता बरोबर, वन्सं बरोबर, मी बरोबर, आणि केक चूक. माझ्या नोकरीत असं झालं की आम्ही समजायचो, कुणीतरी आपल्याला फसवतंय.

ते कोण, हे मला दोन-तीन दिवसांनी कळलं, तेही सहज. मी खाली गेले तर वन्सं स्वतःच्या खाण्यापुरता छोटा केक करत होत्या. दुकानाचा नाही, त्यामुळे धास्ती नाही. मी दारातच थांबले. त्यांनी चाळणीकडे ढुंकून पाहिलं नाही. कप थेट डब्यात खुपसला, डब्याच्या भिंतीवर दाबून वर खेचला, वरचा मैदा अंगठ्यानं झटकून टाकला. एका क्षणाचं काम.

"वन्सं!" मी ओरडले. "हे काय केलंत?"

"काय केलं? दचकवलंत ना मला!"

"परवा मला दाखवताना असं का नाही भरलंत?"

"अहो, तुम्ही काटा घेऊन मोजायला बसलात. मग नीट नको का भरायला?"

मी डोक्याला हात लावला. पाहुणे आले की आपण चांगल्या बशा काढतो, तसं या बाईनं मला पाहुण्यांसमोरचं माप दाखवलं होतं. मैदा म्हणजे बसमधल्या माणसासारखा असतो. जागा असली की ऐसपैस बसतो, मागून रेटा आला की अंग चोरून घेतो आणि तेवढ्याच जागेत कितीतरी मावतो. चाळून भुरभुरवलेला कप आणि दाबून ओढलेला कप, दिसायला एक, वजनाला वेगळे.

"आता तसाच भरा, रोजच्यासारखा," मी काटा पुढे करून म्हटलं.

त्यांनी कप हातात घेतला. थांबल्या. डब्यात घातला, काढला, पुन्हा घातला. "कसा भरते मी?" म्हणाल्या. "तुम्ही बघायला लागलात की हात विसरतो."

तीन वेळा भरला, तीन वेगळी वजनं. आणि मुख्य म्हणजे, आता दुकानाचा केक करताना त्यांचा हात तसाही भरवशाचा राहिला नव्हता. धास्तीचा हात होता तो. एखाद्या दिवशी बरा केक येई, बऱ्याच दिवशी नाही. मला हवं होतं ते जमलेल्या केकचं वजन, आणि तेही त्यांना पत्ता न लागता.

प्रयोगशाळेत आम्ही काय करायचो, तर बाटलीतून काढलेली वस्तू वजन करत बसायचो नाही. आधी बाटलीचं वजन करायचं, वस्तू काढून घेऊ द्यायची, मग पुन्हा बाटलीचं करायचं. जेवढं घटलं तेवढं बाहेर गेलं. कपाकडे बघायचंच कशाला? डब्याकडे बघावं. मी माझ्या घरचा जुना मुका काटा पिशवीत घालून खाली आणला आणि फडताळावर डब्यांच्या मागे ठेवला. रोज सकाळी वन्संच्या आधी मैद्याचा डबा, साखरेचा डबा, लोण्याचं भांडं, दुधाची किटली, सगळ्यांची वजनं. केक ओव्हनमध्ये गेला की पुन्हा.

बघत नसल्या तरी ऐकत होत्या.

"वहिनी, माझे डबे सारखे काय उचलून ठेवताय?"

"पुसतेय."

"जन्मात कधी पुसलेत?"

"म्हणूनच आता पुसतेय."

"तुमच्या घरी डबे नाहीत का पुसायला?"

असे कितीतरी दिवस गेले. आकडे येत होते, जमलेला केक येत नव्हता. एक दिवस मैदा साडेपाचशेच्या जवळ, केकला वरून भेगा. दुसऱ्या दिवशी दूध भलतंच जास्त. वन्सं गप्प होत चालल्या होत्या, आणि त्या बडबडत नाहीत हे मला सहन होत नाही. मुलाचा फोन आला, येण्याची तारीख त्यानं सांगितली. त्या दिवशी सकाळी वन्सं कप हातात घेऊन नुसत्या उभ्या होत्या. माझा स्वभाव असा की हळुवार बोलायला गेले तरी फटकन बाहेर पडतं.

"एवढं भ्यायचं असेल तर जा ना त्याच्याकडे! घर मोठं आहे, सून गुणाची आहे, खिडकीतून बाग दिसते."

"बाग?" कप टेबलावर आदळला. "मला बाग दिसते का, वहिनी? मला कुंपण दिसतं! कडा दिसतात!"

"म्हणून काय इथं रडत बसायचं?"

"कोण रडतंय? तिथं जाऊन करू काय मी? खुर्चीत बसू? 'आई, उठू नका, पडाल. आई, तुम्ही राहू द्या, मी करते.' चांगलीच आहे ती, तेच तर! इथं सकाळी ते दुकान माझी वाट बघतं. तिथं सगळे माझी काळजी करतील. तुम्हाला काय, तुमची कुणी काळजी करत नाही!"

"मी कुणाला करू देत नाही!"

"तेच! तेच म्हणतेय मी! आणि मला सांगताय जा म्हणून!"

हे सगळं चालू असताना त्यांचे हात थांबले नव्हते. कप डब्यात खसकन जात होता, भिंतीवर दाबला जात होता, अंगठा फटकन फिरत होता. साखर. लोणी. अंडी फोडताना तर ती माझ्या डोक्यावर फोडल्यासारखी फोडली. दूध ओतलं ते आवाजावर ओतलं, बघायचा प्रश्नच नव्हता, त्या माझ्याकडे तोंड करून मला सुनावत होत्या. "तुमच्या जागी माझा भाऊ असता तर असं बोलला नसता," म्हणून त्यांनी ओव्हनचं दार लावलं. मी खाली मान घालून डबे वजन करत होते. आणि तोंडानं "हो, हो, मीच वाईट" म्हणत होते, कारण भांडण थांबू द्यायचं नव्हतं.

थोड्या वेळानं वास आला. माणूस बोलता बोलता थांबावा असा वास. वन्संही थांबल्या. साचा बाहेर काढला. बदामी, भरलेला, मध्ये एक सरळ चीर.

त्यांनी बोटांच्या टोकांनी वरचा पापुद्रा दाबला. तो खाली गेला आणि वर आला.

"हा माझा आहे," त्या म्हणाल्या.

"चारशे सत्तर ग्रॅम," मी म्हटलं.

"काय?"

"तुमच्या हाताचं वजन. तीन कपांचे चारशे सत्तर."

"माझा हात अर्धा किलोसुद्धा नाही?" मग थांबून, "तुम्हाला कसं कळलं?"

सांगितलं. आधी त्या खवळल्या, "म्हणजे माझ्या डब्यांची झडती घेत होतात!" मग हसायला लागल्या, आणि हसता हसता खुर्चीवर बसल्या. "आणि मी म्हणतेय, या बाईला एकाएकी स्वच्छतेचं वेड कसं लागलं!"

रागात डोळ्यांची आठवण राहिली नव्हती, म्हणून हात आपल्या वाटेनं गेला, एवढंच. पण रोज सकाळी भांडायला काही मी रिकामी नाही. वजनानं करायला शिकणं भाग होतं. भांडं काट्यावर ठेवायचं, बटण दाबून बयेला शून्यावर आणायचं, मैदा घालत जायचा, ती आकडा सांगत जाणार. चाळून घाला, दाबून घाला, ढेकळं घाला, चारशे सत्तर म्हणजे चारशे सत्तर. साखर आणि लोणी तसंच, दूधही तसंच. बेकिंग पावडरीचा चमचा तेवढा काठावर घासून सपाट करायचा, त्याला काटाही लागत नाही आणि डोळेही. ओव्हनच्या बटणावर, नेमक्या उष्णतेच्या खुणेशी, बोटाला लागेल असा डिंकाचा एक टणक ठिपका मी लावून दिला.

माझी अपेक्षा होती, वन्सं कपासाठी हळहळतील. छे! दोन दिवसांत त्यांनी कपात टूथब्रश ठेवला. बया त्यांना इतकी आवडली की दिवसभर काहीबाही वजन करत बसायच्या. माझा चष्मा, स्वतःची चप्पल, एकदा दोऱ्यांचा गुंडा. आणि तिच्याशी वाद.

"चारशे बासष्ट," बया म्हणे.

"ऐकलं. आठच राहिले ना? घालते. तुझी गाडी चाललीय का?"

मुलगा आला. सकाळीच आला, नमस्कार-चमत्कार झाले, आणि स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसला. मला हळूच म्हणाला, "मामी, तुम्ही तिला उगीच चढवू नका."

"मी कशाला चढवू? त्या आधीच वर आहेत," मी म्हटलं.

वन्संनी अॅप्रन बांधला. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि हात मागे बांधून घेतले, कारण माझ्याच हातांचा मला भरवसा नव्हता. भांडं ठेवलं, बटण दाबलं. मुलगा घाबरला की बोलत सुटतो, आईवर गेलाय. "आई, तो डबा जड आहे. आई, सांडतंय. आई, तिकडे किटली आहे हं."

"गप्प बस! तिला बोलू दे."

"कुणाला?"

"दोनशे ब्याऐंशी," बया म्हणाली. मुलगा खुर्चीतच मागे सरकला.

साखर घालताना जास्त पडली. आकडा पुढे गेला. मुलगा उठला, मी त्याच्याकडे असं बघितलं की तो परत बसला. वन्संनी चमच्यानं साखर काढली, ऐकलं, आणखी थोडी काढली, ऐकलं, आणि डब्याचं झाकण लावलं. घाम मला फुटला होता. साचा ओव्हनमध्ये ठेवताना त्यांनी हाताच्या पाठीनं दार चाचपलं, कोपरापर्यंत हातमोजे होते, तरी मुलानं डोळे मिटून घेतले. ओव्हनची घंटी वाजली, केक निघाला. कसा झालाय हे मी सांगितलं नाही, मुलानंही नाही. निकाल दुकानात लागायचा होता.

आम्ही तिघं दुकानात गेलो. कोर्टाचा दिवस, पायऱ्यांवर माणसं, दुकानात बसायला जागा नाही. चहावाल्यांनी केक घेतला, नेहमीप्रमाणे शेवटचं टोक कापून स्वतःच्या तोंडात टाकलं, आणि चावता चावता थांबले.

"आज केक कुणी केला?"

वन्संनी माझा दंड धरला. बोटं रुतली अगदी. "का हो?"

"नाही, मध्ये तुम्ही कुणी मदतनीस ठेवली होती ना? मी काही बोललो नाही, म्हटलं तुम्हाला वाईट वाटेल. पण तो तुमचा हात नव्हता, बाई. दोन तर मला परत पाठवावे लागले. आज तुम्ही स्वतः केलाय."

वन्संनी दंड सोडला. पाठ ताठ झाली. "होती एक," म्हणाल्या. "घाबरट होती फार. काढून टाकली तिला."

मुलगा आधी हसला आणि मग त्याला खोकला झाला. चहावाल्यांनी त्याला पाणी दिलं. आम्ही बाहेर आलो. मुलगा रस्त्याकडे बघत म्हणाला, "आई, केकचं ठीक आहे. पण मी फक्त केकसाठी न्यायला आलो नव्हतो. तू घरात असावीस असं वाटतं."

"ठाऊक आहे रे मला." त्यांनी त्याच्या कानापलीकडे पाहिलं, म्हणजे त्यालाच नीट पाहिलं. "कोर्टाला सुट्ट्या लागल्या की येईन. आठ दिवस राहीन. तुझी बायको उठू नका म्हणाली तर एकदा ऐकीन. दुसऱ्यांदा नाही."

"मी सांगतो तिला."

"सांगू नकोस. मीच भांडेन. मला सवय आहे."

तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. जाताना ओव्हनसाठी आणखी लांब हातमोज्यांचा जोड आणून देऊन गेला, आणि मला म्हणाला, "मामी, लक्ष ठेवा." मी हो म्हटलं.

त्याला सोडून आल्यावर वन्संनी चहा टाकला आणि मी बसायच्या आत म्हणाल्या, "वहिनी, उद्यापासून तुम्ही सकाळी येऊ नका."

"का?"

"तुम्ही भिंतीला टेकून श्वास रोखून उभ्या राहता. मला ऐकू येतं ते. बयेचं बोलणं ऐकू की तुमचा श्वास? त्याच्याशी बोली काय झाली होती? एकटीनं. मग रोज एकटीनंच."

बरोबर होतं. पण खोटं कशाला बोला, मला झोंबलं. इतके दिवस सकाळी डबे उचलता उचलता मला त्या वेळेची, त्या वासाची, त्या भांडणांची सवय लागली होती. दुसऱ्या दिवशी मी वरच बसले. वर्तमानपत्र पुढ्यात धरून खालून येणारे आवाज ऐकत होते. डब्याचं झाकण, ओव्हनचं दार, घंटी. मग बाहेरचं दार उघडून बंद झालं, म्हणजे केक गेले. मग काही वेळानं पुन्हा उघडलं, म्हणजे त्या आल्या.

तरी मी उतरले नाही. आमचाही काही मान आहे.

थोड्या वेळानं खालून छताला झाडूच्या दांड्यानं ठोकल्याचा आवाज आला, आणि जिन्यातून वन्संचा आवाज. सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा.

"अहो वहिनी! काम संपल्यावर या असं म्हटलं होतं, मेल्यावर या असं नाही! चहा निवतोय!"

"तसं कुठं म्हटलं होतंत?" मी कठड्यावरून ओरडले. "येऊ नका, एवढंच म्हटलं होतंत!"

"मग आता म्हणतेय! उतरताय का वर येऊ?"

मी उतरले. पायांत चप्पल घालायचंही सुचलं नाही.